दुखण्याची लाज

वैरागात संतनाथ महाराजांच्या देवळासमोर संध्याकाळी जुनी माणसं जमतात. त्यांच्यात अण्णांच्या शब्दाला वजन होतं. साखर कारखान्यात फिटर म्हणून हयात काढलेला माणूस. कुणाची कडबाकुट्टी अडली, विहिरीवरची मोटार बसली, पिठाच्या गिरणीचा पट्टा सारखा उतरायला लागला, की पहिला निरोप अण्णांना जायचा. अण्णा यंत्राला कान लावायचे, दोष कुठं आहे ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा तो तिथंच सापडायचा.

गेल्या आषाढात अण्णांच्या छातीतच बिघाड निघाला. रात्री जेवून अंथरुणावर पडले आणि छातीत कळ आली. घामानं बनियन भिजलं. मुलानं १०८ ला फोन लावला, गाडी आली, वडाळ्यावरून सोलापूर गाठलं. अँजिओग्राफीत दिसलं की हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली आहे. डॉक्टरांनी ती फुग्यानं उघडली आणि आत औषध लावलेला लांब स्टेंट बसवला. गावात बातमी पसरली, अण्णांना स्प्रिंग टाकली.

ऑपरेशनचा खर्च सरकारी योजनेतून भागला. २०१२ च्या जुलैत ही योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. तेव्हा ती राजीव गांधींच्या नावानं होती, आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. पण घरात माणूस आजारी पडला की खर्चाला सतरा वाटा फुटतात. मुलाचा टेंपो तीन आठवडे दारात उभा राहिला, हप्ता मात्र थांबला नाही. येणंजाणं, बाहेरच्या तपासण्या, गोळ्या. शेवटी मुलानं दुभती म्हैस विकली. दवाखान्यातून परतल्यावर अण्णांनी गोठ्यातला रिकामा खुंटा पाहिला आणि काही बोलले नाहीत.

त्यानंतर अण्णांनी पथ्य पाळलं ते कारखान्यातल्या शिस्तीनं. चाळीस वर्षांची तंबाखू त्या दिवसापासून बंद. चहा बिनसाखरेचा. साखरेचा आजार बारा वर्षांपासून होता, त्याच्या गोळ्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घड्याळ लावून. पहाटे बार्शी रोडनं फिरून येणं. देवळासमोरची मंडळी म्हणायची, "अण्णाकडं बघा, स्प्रिंग घालून पुन्हा जवान झालाय." अण्णाही छाती ठोकून सांगायचे, "पार्ट बदलला की यंत्र नवं. आता वीस वर्षं बघायचं काम न्हाय."

आठवा महिना लागला. ज्वारीची काढणी उरकली होती. मळ्यात कडब्याची गंज रचायचं काम चाललं होतं. अण्णा खालून पेंढ्या वर फेकत होते. पंधरावीस पेंढ्या झाल्या असतील, छातीच्या मधोमध जड वाटायला लागलं आणि डावा हात कोपरापर्यंत भरून आला. ते बांधावर टेकले. दोन मिनिटांत सगळं निवळलं. सकाळी खाल्लेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर त्यांनी दोष टाकला.

दुसऱ्या दिवशी चटणी नव्हती, तरी तेच झालं. पुढच्या आठवड्यात देवळाकडची चढण चढताना झालं. मग निम्म्या चढणीला. मग बाजारातून भाजीची पिशवी आणताना, सपाट रस्त्यावर. दर वेळी थांबलं की बरं वाटायचं, आणि दर वेळी थांबायची जागा आधीपेक्षा अलीकडं यायची. यंत्राचा आवाज बदलला की कान टवकारणाऱ्या अण्णांना हे कळत नव्हतं असं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांना कळून चुकलं होतं.

तरी त्यांनी ते लपवलं, आणि लपवण्यातही कारागिरी दाखवली. रस्त्यात थांबावं लागलं की वाकून चपलेचा अंगठा नीट करायचे. चढणीवर दम लागला की कुणाच्या तरी ओट्यावर बसून उगाच गप्पा काढायचे. पहाटेचं फिरणं वळणापर्यंतच व्हायचं. तिथल्या दगडावर अर्धा तास बसून ते घरी परतायचे. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली होती. छातीत आलं तर ही ठेवा आणि लगेच आम्हाला कळवा, असं बजावलं होतं. अण्णांनी सांगण्यातला पहिला भाग पाळला, दुसरा सोडून दिला.

का लपवलं? एक कारण गोठ्यातला खुंटा. आता परत सोलापूर म्हणजे परत टेंपो उभा, आणि या खेपेला विकायला गोठ्यात काही उरलं नव्हतं. दुसरं कारण त्याहून खोल होतं. आठ महिने ज्या गावाला आपण बरे झाल्याचं सांगितलं, त्या गावाला आता काय सांगायचं? लोक म्हणणार, अण्णा चोरून तंबाखू खात असणार, पथ्य मोडलं असणार, नाहीतर एवढी नवी स्प्रिंग बंद कशी पडेल? आणि रात्री झोप लागत नसे तेव्हा अण्णा स्वतःलाही तेच विचारायचे. आपलंच काही चुकलं असणार. बिनसाखरेचा चहा पिऊनसुद्धा त्यांना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

अण्णांची सून गावात आशा सेविका. वाडीवस्तीवर घरोघर जाऊन बाळंतिणींची चौकशी, लहान मुलांचे डोस, म्हाताऱ्यांचं बीपी-शुगर बघायचं काम तिचं. एके दिवशी मोरीतला नळ गळायला लागला. नवरा टेंपो घेऊन बाहेरगावी, अण्णा देवळात. वायसर आपणच बदलू म्हणून पाना घ्यायला तिनं अण्णांची लोखंडी पेटी उघडली. पान्यांच्या खालच्या कप्प्यात, ग्रीस लागलेल्या फडक्यात गुंडाळलेली गोळ्यांची पट्टी निघाली. सात घरं फुटलेली, तीन भरलेली. तिच्याखाली दुसरी, सगळीच्या सगळी रिकामी. ती पट्टी ओळखायला तिला डॉक्टर असायची गरज नव्हती.

तिनं नळ दुरुस्त केला, पेटी होती तशी लावली आणि अण्णा येईपर्यंत ओसरीवर बसून राहिली. अण्णा आले, पाणी प्यायले. मग तिनं आवाज न चढवता विचारलं, "मामा, त्या जिभेखालच्या गोळ्या कवापासून लागायल्यात?"

अण्णा गप्प.

"मी कुणाला सांगितलं न्हाय अजून. ह्यांना बी न्हाय आन् आत्याबाईंना बी न्हाय. तुमीच सांगा."

"दोन म्हयनं झालं," अण्णा म्हणाले. "काय सांगू पोरी? पोरानं म्हस विकली माझ्यापायी. आता परत काय घर विकायला लावू? आन् लोक काय म्हनतील? म्हनतील, म्हाताऱ्यानं पथ्य मोडलं."

सून थोडा वेळ थांबली. अण्णांच्या तोंडून कारखान्याच्या गोष्टी ऐकतच ती या घरात रुळली होती. ती म्हणाली, "मामा, शिफ्टला असताना लॉगबुक कोण लिवायचं?"

"मी लिवायचो. दर तासाला. वाफेचं प्रेशर, व्हॅक्यूम, टेंपरेचर."

"आन् आकडा बिघडला तर?"

"बिघडला तसा लिवायचा." अण्णांचा आवाज एकदम फिटरचा झाला. "एक जण हुता, मागच्या तासाचाच आकडा परत लिवायचा. शिव्या नकोत म्हनून. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर खपली चढत गेली, लॉगबुकात सगळं ठीक. क्लिनिंगला चार दिवस उशीर झाला आन् सगळा हाऊस बंद पडला. खोटा आकडा लिवणाऱ्याला मी परत शिफ्टवर घेतला न्हाय."

"खपली चढली ह्यात त्या मानसाचा दोष हुता का?"

"खपली चढायचीच. रस उकळला की चढती. त्यात कुनाचा दोष? त्यानं आकडा..."

अण्णा वाक्याच्या मधेच थांबले. सून काही बोलली नाही. काही वेळानं तिनं एवढंच विचारलं, "बसल्या जागी कवा आलंय का, मामा? काय काम न करता?"

"परवा पहाटं," अण्णा खाली बघत म्हणाले. "आन् आज बी. झोपेतनं उठवलं."

सून उठली. चालताना येणारं दुखणं बसल्या जागी यायला लागलं, तर सकाळच्या एसटीची वाट बघायची नसते, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तिनं फोन उचलून १०८ फिरवला, मग नवऱ्याला कळवलं, मग सासूला उठवून दवाखान्याची फाईल आणि रेशनकार्ड पिशवीत घातलं.

सोलापुरात रात्रीच ईसीजी झाला, रक्ताची ट्रोपोनिनची तपासणी झाली. हृदयाच्या स्नायूला अजून इजा झालेली नव्हती. "वेळेत आलात," तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या. सकाळी मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेली आणि औषध सोडलं. पडद्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं काळं उमटलं. पुढच्या मुख्य वाहिनीत, जिथं नऊ महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला होता, तिथं मधोमध काळी रेघ सुतासारखी बारीक झाली होती. मग डॉक्टरांनी प्रकाशाच्या किरणांनी आतलं चित्र काढणारी एक तार त्याच वाटेनं आत सरकवली. तिला ओसीटी म्हणतात. केसाच्या जाडीपेक्षा बारीक गोष्ट तिच्यात दिसते.

डॉक्टर बाईंनी अण्णांना आणि सुनेला चित्र दाखवलं. अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो उपचाराचा नव्हता. "मॅडम, माझं काय चुकलं?"

बाई खुर्ची ओढून बसल्या. "तुमचं काही चुकलं नाही, अण्णा. दोन गोष्टी झाल्यात. एक, या जागी वाहिनीच्या भिंतीत चुना साचून ती दगडासारखी कडक झालीय. त्यामुळे स्टेंट इथं पुरता उघडलाच नव्हता. दुसरी, जाळीच्या आतून नव्या पेशी वाढल्यात."

"आमच्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर रसाची खपली बसती, तसं?"

"तिथंच फरक आहे. तुमची नळी पितळेची किंवा लोखंडाची, ती स्वतः काही करत नाही. रसातलं येऊन तिच्यावर बसतं. ही नळी जिवंत आहे. फुगा फुगवला, जाळी रुतवली, की तिला जखम होते आणि जखम भरून काढायला तिच्या पेशी वाढतात. जाळीवर एक पातळ अस्तर यावंच लागतं. ते आलं नाही तर उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होईल. बहुतेकांत अस्तर तयार झालं की वाढ थांबते. काहींत थांबत नाही. साखरेचा आजार असेल, वाहिनी बारीक असेल, स्टेंट लांब असेल, तर न थांबण्याची शक्यता जास्त. तुमच्यात तिन्ही आहेत. म्हणजे तुमच्या शरीरानं जखम भरायचं कामच केलंय, फक्त गरजेपेक्षा जास्त."

अण्णा चित्राकडं बघत राहिले. दोन महिने छातीवर ठेवलेला दुसराच एक दगड तेव्हा हलला.

"मग तंबाखू सोडली, चालायला लागलो, ते फुकट गेलं म्हना की."

"अजिबात नाही. तुमच्या बाकीच्या दोन वाहिन्या बघा. नऊ महिन्यांपूर्वी होत्या तशाच आहेत. ते कुणी राखलं?"

मग बाईंनी एक गोष्ट सांगितली. अण्णा ती नंतर गावात कितीतरी वेळा सांगत असत.

१६ सप्टेंबर १९७७ ला स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग नावाच्या तरुण डॉक्टरांनी जाग्या माणसाची हृदयाची रक्तवाहिनी पहिल्यांदा फुग्यानं उघडली. आधी कित्येक रात्री घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांनी ते फुगे हातानं बनवले होते. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, त्यांनी पहिल्या ५० रुग्णांचा हिशोब छापला. यश ३२ जणांत. उरलेल्यांत फुग्यानं काम झालं नव्हतं, काहींना तातडीनं बायपास करावं लागलं होतं, आणि उघडलेल्या काही वाहिन्या काही महिन्यांत परत अरुंद झाल्या होत्या. हे सगळं त्यांनी जगापुढं मांडलं. पुढं जगभर मोजणी झाली तेव्हा नुसत्या फुग्यानंतर शंभरातल्या तीस ते चाळीस जणांची वाहिनी परत अरुंद होते, असं दिसलं.

हा आकडा समोर होता म्हणून त्यावर उपाय शोधला गेला. १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला जाक प्युएल यांनी आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानला उलरिश सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयवाहिनीत धातूची जाळी बसवली. तोच स्टेंट. परत अरुंद होण्याचं प्रमाण शंभरात वीस-तीसवर आलं. पण आता जाळीच्या आतून पेशी वाढायला लागल्या. तेही कुणी झाकलं नाही. डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये एदुआर्दो सौसा यांनी पेशींची वाढ रोखणारं औषध लावलेला स्टेंट पहिल्यांदा बसवला. त्यानं प्रमाण शंभरात पाच-दहावर आलं.

त्या औषधाचं नाव सिरोलिमस. त्याची कुळकथा तर याहून ऐकण्यासारखी. १९६४ मध्ये कॅनडाचं एक पथक प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेलं आणि तिथल्या मातीचे नमुने घेऊन आलं. मॉन्ट्रियलच्या एका औषध कंपनीत सुरेन सेहगल हे शास्त्रज्ञ होते. जन्म अखंड हिंदुस्थानच्या पंजाबातला, शिक्षण बनारस हिंदू विश्वविद्यालयात. त्यांनी त्या मातीतल्या जिवाणूपासून बुरशी मारणारं द्रव्य काढलं. पण चाचण्यांत त्यात एक दोष निघाला. ते द्रव्य शरीराची प्रतिकारशक्ती आणि पेशींची वाढ दाबून टाकत होतं. बुरशीच्या औषधाला हा दोष परवडणारा नव्हता. पुढं कंपनीनं तिथली प्रयोगशाळाच बंद केली आणि काम गुंडाळलं. सेहगल यांनी जिवाणूंचं विरजण आइस्क्रीमच्या डब्यात भरून घरच्या फ्रीझरमध्ये जपलं, आणि काही वर्षांनी काम परत सुरू करवलं. दोष म्हणून जे कागदावर नोंदलं होतं, तेच पुढं मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना उपयोगी पडलं आणि नंतर स्टेंटवर लागलं. तो दोष कुणी नोंदलाच नसता, तर हे औषध मिळालं नसतं.

"तुमच्यासारख्या माणसांसाठी," बाई म्हणाल्या, "स्टेंटच्या आत परत अरुंद झालेल्या वाहिनीसाठी, औषध लावलेला फुगाही निघाला. जर्मनीतल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये त्याचे चांगले निकाल छापले. अमेरिकेत या कामासाठी असल्या पहिल्या फुग्याला परवानगी मिळाली ती २०२४ च्या मार्चमध्ये. तोवर युरोपात आणि आपल्याकडं तो कितीतरी वर्षं वापरात होता. अण्णा, या सगळ्या प्रवासात दर टप्प्याला कुणीतरी उभं राहून सांगितलंय, की आम्ही उघडलेली वाहिनी परत बंद झाली. त्यांनी लाज धरली असती तर आज तुम्हाला द्यायला माझ्याकडं काही नसतं."

उपचाराच्या वाटाही बाईंनी समजावल्या. कधी आत दुसरा स्टेंट बसवतात. कधी बायपास बरा पडतो, विशेषतः साखरेचा आजार असेल आणि अनेक वाहिन्या खराब असतील तेव्हा. कधी औषधी फुगा. प्रत्येकाला एकच माप लागत नाही, म्हणूनच आत बघून कारण शोधायचं. अण्णांच्या वाहिनीत जाळी आधीच होती. तिच्यात आणखी जाळी घातली असती तर धातूचे थर वाढून आतली जागा कमी झाली असती. म्हणून आधी कडक फुगा, मग औषधी फुगा, असं ठरलं.

टेबलावर अण्णा जागे होते. कडक फुगा फुगवताना बाई सहकाऱ्याला आकडे सांगत होत्या. बारा, सोळा, वीस. अण्णांनी विचारलं, "वीस काय?"

"ॲटमॉस्फिअर. प्रेशर."

"आमच्या जुन्या बॉयलरला एवढंच असायचं," अण्णा म्हणाले आणि आडवे पडूनच त्यांनी मान डोलावली.

जिथं जाळी अडकली होती तिथला चुन्याचं कडं तडकलं आणि ती पुरती उघडली. मग औषधी फुगा आला. तो जवळपास मिनिटभर फुगलेला ठेवतात, तेवढ्यात औषध भिंतीत उतरतं. त्या मिनिटात अण्णांच्या छातीत तेच ओळखीचं जड वाटलं, डावा हात भरून आला. फुगा मिटवला आणि कळ निघून गेली. फुगा बाहेर आला, आत औषध राहिलं, नवा धातू काही राहिला नाही. पडद्यावरची रेघ आता दोन्ही टोकांना आणि मध्ये सारख्या जाडीची दिसत होती.

वॉर्डात मुलगा आला. अण्णांनी त्याला जवळ बोलावून म्हशीचा विषय काढला. मुलगा म्हणाला, "अण्णा, म्हस मी इकली, तुमाला इच्यारून न्हाय. मग तिचा हिशोब तुमी कशाला ठिवता?" आणि योजनेच्या कागदांसाठी आरोग्यमित्राच्या टेबलाकडं निघून गेला.

आठवड्यानं अण्णा देवळासमोर गेले. मंडळी विचारणार हे माहीत होतं. कुणी विचारण्याआधीच ते म्हणाले, "स्प्रिंग परत आवळली हुती. दोन म्हयनं छातीत यायचं. मी लपवलं. आता बॉयलरएवढ्या प्रेशरच्या फुग्यानं उघडलीय. परत आवळू शकती. आवळली तर परत सांगीन." एवढं बोलून ते खाली बसले. कुणी तंबाखूचं नाव काढलं नाही. एकानं विचारलं, "बॉयलरएवढं प्रेशर म्हंजी?" आणि पुढचा अर्धा तास अण्णा फुग्याबद्दल बोलत राहिले.

त्याच रात्री एसटीतून निवृत्त झालेला एक ड्रायव्हर अण्णांच्या ओसरीवर आला. त्यालाही दीड महिन्यापूर्वी स्टेंट बसला होता. बोलत नव्हता, नुसताच बसला होता. शेवटी सुनेनं विचारलं तेव्हा बाहेर पडलं, की हिरड्यांतून रक्त येतं म्हणून त्यानं पाच दिवसांपासून रक्त पातळ करायची एक गोळी आपल्या मनानंच बंद केली होती. डॉक्टर रागावतील म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. सुनेचा चेहरा बदलला. अण्णांचं दुखणं हळूहळू आवळत गेलं होतं, इशारे देत. पण नव्या स्टेंटवर अस्तर यायच्या आत गोळी बंद केली तर एकाएकी गुठळी होते. ती इशारा देत नाही, आणि कित्येकदा माणूस दवाखान्यापर्यंत पोचत नाही. तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी गोळी त्याच रात्री सुरू करायला लावली आणि हिरड्या बघायला सकाळी बोलावून घेतलं. इलाज होता, फक्त विचारायला हवं होतं.

सून आता वस्तीवर फिरताना स्टेंट बसलेल्या माणसांची वेगळी चौकशी करते. गोळी चुकली का, हे ती विचारतेच. पण त्याआधी विचारते, "चालताना छातीत, घशात, जबड्यात, हातात काय होतंय का? होत असंल तर सांगा, मी तुमाला काय म्हननार न्हाय." शेवटचं वाक्य ती कधी विसरत नाही, कारण त्या वाक्यानंच माणसं बोलतात, हे तिला घरात कळलं आहे.

बोध असा, की उघडलेली वाहिनी परत अरुंद झाली म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही. पथ्य, गोळ्या, साखरेवर ताबा, हे आपल्या हातात आहे आणि ते केलंच पाहिजे. तरीही शरीर कधी कधी आपल्या वाटेनं जातं. त्यावर आज इलाज आहे, पण तो बोलणाऱ्याला मिळतो. शरम मानून, खर्चाच्या धास्तीनं, लोक काय म्हणतील या भीतीनं जो दुखणं दाबून ठेवतो, तो घरच्यांचे पैसे वाचवत नाही, त्यांच्या हातातला वेळ खर्च करतो. आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, डॉक्टरांनीही एवढं लक्षात ठेवावं: दुखणाऱ्याला पहिला प्रश्न "तू काय चुकलास?" असा विचारला, तर दुसऱ्या वेळी तो सांगायला येणार नाही. आधी "कधीपासून दुखतंय?" असं विचारावं, आणि जे उत्तर येईल ते जसंच्या तसं ऐकून घ्यावं.